दुधातली साखर कोण फोडते?

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला संगणकाबद्दल काहीतरी बोलायला सांगितले आहे. मी दुधाबद्दल बोलणार आहे. संगणक मध्ये येईलच.

आपल्या शहापूर-मुरबाडच्या गावांत "मला दूध पचत नाही" म्हणणाऱ्या मुलाला "नाटकं करू नकोस" हेच ऐकावे लागायचे. पण त्यामागे बहुतेकदा खरे कारण असते. दुधातली लॅक्टोज ही साखर म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांची जोडी. ती फुटल्याशिवाय रक्तात जात नाही. ती फोडणारे लॅक्टेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, तान्ह्या बाळात भरपूर असते. मोठेपणी पुष्कळांत कमी होते. मग न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जीवाणू ती आंबवतात आणि पोटात गॅस होतो.

आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूकडेही हेच काम करणारे, पण वेगळ्या घडणीचे विकर आहे: बीटा-गॅलॅक्टोसिडेज. त्याची रचना १९९४ साली अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात ब्रायन मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी उलगडली. विकराचे स्फटिक करून त्यावर क्ष-किरण सोडतात. हाती येतात ते नुसते ठिपके. त्यांवरून अणूंच्या जागा गणिताने काढाव्या लागतात, आणि ते गणित संगणक करतो.

त्यात दिसले ते असे. प्रत्येकी १०२३ अमिनो आम्लांच्या चार सारख्या साखळ्या एकत्र बसलेल्या. साखळीवर ४६१ आणि ५३७ या क्रमांकांची दोन ग्लुटामिक आम्ले एरवी लांब, पण घडी पडल्यावर एकाच खोबणीत जवळ येतात. एक आम्ल प्रोटॉन देऊन साखरेचा जोड तोडायला मदत करते, दुसरे गॅलॅक्टोजला क्षणभर धरून ठेवते. मग पाण्याचा रेणू येऊन तिला मोकळे करतो. या खोबणीचा थोडा भाग शेजारच्या साखळीचा असतो. म्हणून एकटी साखळी काही कामाची नाही.

दही विरजतानाही जीवाणू आपापल्या विकरांनी दुधातली काही साखर आधीच फोडून तिचे आम्ल करतात. म्हणूनच दूध न सोसणाऱ्या अनेकांना दही-ताक सोसते. आपल्या आज्यांना हे अनुभवाने ठाऊक होते.

बाई आणि सर, एक विनंती. ही रचना प्रोटीन डेटा बँकेत सर्वांना मोफत खुली आहे. साध्या स्मार्टफोनवरही ती फिरवून पाहता येते. विज्ञानाच्या तासाला एकदा मुलांना दाखवा. आणि एखादे मूल दूध नको म्हणाले, तर आधी त्याचे पोट दुखते का, ते विचारा.