कर नाही त्याला डर कशाला?

(बुलडाणा जिल्ह्यातील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



‘सरकारची पाळत आणि आपलं नागरी स्वातंत्र्य’ हा विषय ठरला तेव्हा दोघीतिघी म्हणाल्या की हा मुंबई-दिल्लीच्या लोकांचा विषय आहे. आपल्याकडे पाण्याचा, दारूचा, मारहाणीचा प्रश्न आधी. म्हणून शिबिराआधी मेहकर आणि खामगाव भागातल्या गटांच्या बैठकांत मी मुद्दाम एक प्रश्न विचारत गेले. सरकारने कोर्टाला न विचारता तुमचा फोन ऐकला तर चालेल का? बहुतेक जणी हसल्या. एक जण म्हणाली, “ताई, आपल्यापाशी लपवाले हाय तरी काय?” दुसरीने म्हणच सांगितली, कर नाही त्याला डर कशाला. मग मी प्रश्न बदलला. तोच फोन तुमच्या दिराने ऐकला तर? तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

माहेरी आईला सांगितलेलं दुखणं, गटाच्या हप्त्यातून बाजूला ठेवलेले पाचशे रुपये, पाळणा लांबवण्याबद्दल नर्सबाईंना विचारलेला प्रश्न, यात ‘कर’ कुठला आहे? तरी डर आहे, कारण ऐकणाऱ्याच्या हाती आपलं घरदार आहे. ही म्हण ज्याला कधी कोणाला जाब द्यावा लागला नाही त्याच्या तोंडी शोभते. आपल्या बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध केलं. त्याला निमित्त झालं सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर चाललेल्या बालहत्येच्या खटल्याचं. तिला फाशी सुनावली गेली, पुढे शिक्षा कमी झाली. पण गावाने आधी तिच्यावर डोळा ठेवला आणि मग सरकारचा दंड पडला, हा क्रम आपण विसरायला नको. बाईच्या बाबतीत घराची पाळत आणि सरकारची पाळत अशा दोन वेगळ्या गोष्टी नसतातच. एकीची माहिती दुसरीकडे जाते.

आता अगदी अलीकडचं सांगते. १३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागाने एक शासन निर्णय काढला. आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करण्यासाठी राज्य पातळीवर, मंत्रिमहोदयांच्या अध्यक्षतेखाली ‘समन्वय समिती’. नोंदणी झालेली लग्नं, नोंदणी न झालेली, देवळात-मशिदीत लागलेली, पळून जाऊन केलेली, सगळ्यांचा तपशील घ्यायचा. मुलीशी आणि तिच्या माहेरच्यांशी संपर्क साधायचा. कोणाच्या तक्रारीची गरज नाही, कोर्टाच्या आदेशाची तर नाहीच. जातीचा उल्लेख आल्यावर ओरड झाली, म्हणून दोनच दिवसांत, १५ तारखेला, ‘आंतरजातीय’ हा शब्द गळला आणि फक्त ‘आंतरधर्मीय’ उरला. गंमत पाहा, माहिती गोळा करणंच चूक आहे असं सरकारला वाटलं नाही, कोणाची गोळा करायची एवढंच बदललं. ओरड करणाऱ्यांपैकीही बरेच जण त्यानंतर गप्प झाले. आपल्या चळवळीतल्या संघटना गप्प बसल्या नाहीत, प्रकरण उच्च न्यायालयातही नेलं गेलं.

या समितीचं कारण म्हणून वसईच्या श्रद्धा वालकरचं नाव घेतलं गेलं. श्रद्धाचा खून २०२२ साली दिल्लीत झाला. पण तिने स्वतः नोव्हेंबर २०२०मध्ये पोलिसांना लेखी कळवलं होतं की हा माणूस मला मारतो आणि तुकडे करण्याची धमकी देतो. पुढे तिने तक्रार मागे घेतली असं पोलिसांनी सांगितलं. मारहाण झालेली बाई तक्रार मागे का घेते, हे इथे बसलेल्या कोणालाही विचारा. तिला पाळतीची गरज नव्हती. तिने दिलेला कागद कोणी तरी गांभीर्याने वाचायला हवा होता.

त्यानंतरच्या काही महिन्यांत आमच्या समुपदेशन केंद्राला एका कार्यालयातून फोन आला. तुमच्याकडे वेगळ्या धर्मात लग्न केलेल्या किती मुली आल्या, त्यांची नावं-पत्ते द्या. आवाज अगदी सौम्य होता, “मदतच करायची आहे हो मॅडम.” आम्ही कळवलं की लेखी मागा, आणि कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली मागता ते लिहा. लेखी आजवर आलेलं नाही. त्याच सुमारास एक मुलगी आली. नोकरी करणारी, सज्ञान. तिचा एकच प्रश्न, विवाह नोंदणी कार्यालयातून घरी पत्र जाईल का? १९५४च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस आहे, ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावतात, आणि दोघांपैकी कोणी कायमचं दुसऱ्या जिल्ह्यातलं असेल तर तिकडच्या कार्यालयातही जाते. त्या तीस दिवसांत कोणीही येऊन हरकत घेऊ शकतो. जातीत, मांडवात लग्न करणाऱ्याला ही नोटीस नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१मध्ये सांगितलं की नोटीस प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्यावर सोडावं. पण तो निकाल तिकडचा. मी तिला खोटा धीर दिला नाही. ती पुन्हा आली नाही. लग्न केलं की सोडून दिलं, मला ठाऊक नाही आणि मी चौकशीही केली नाही.

फोनच्या कायद्याबद्दल थोडं. आपल्या देशात फोन ऐकायला न्यायाधीशाचं वॉरंट लागत नाही. १८८५च्या तार कायद्यापासून हे असंच आहे. पीयूसीएल या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये काही बंधनं घातली: गृहसचिवाचा लेखी आदेश हवा, कारण हवं, दोन महिन्यांची मुदत, जास्तीत जास्त सहा महिने, आणि आढावा समिती. पण आधी न्यायाधीशाकडे जाण्याची अट न्यायालयाने घातली नाही, कायद्यात ती नाही म्हणून. आता २०२३चा दूरसंचार कायदा आला, डिसेंबर २०२४मध्ये त्याचे नियम आले, तरी गाडी तिथेच आहे. आदेश सचिवांचा, आढावा घेणारेही सचिवच. ज्याचा फोन ऐकला त्याला कधीच कळवलं जात नाही. मग दाद मागायची कुठे? चुकून कळलं तरच. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९मध्ये विनीत कुमार खटल्यात असे तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. तो व्यावसायिक होता, मोठे वकील देऊ शकला.

आमदार नाना पटोले यांनी २०२१मध्ये विधानसभेत आरोप केला की त्यांचा फोन ‘अमजद खान’ अशा नावाने ऐकला गेला. २०२२मध्ये गुन्हा दाखल झाला, सप्टेंबर २०२३मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. खरं-खोटं बाजूला ठेवू. पण त्या वेळी वर्तमानपत्रांतून अशी आणखी नावं आली, आणि त्यातही मुसलमान वाटणारी. कोणाच्या नावाचा कागद पाहिला की सही करणाऱ्याचा हात थांबणार नाही, याबद्दल लोकांच्या मनात काय समजूत आहे ते त्यावरून कळतं.

कोणाशी कधी बोललो, कुठल्या टॉवरखाली होतो याची नोंद, ज्याला सीडीआर म्हणतात, ती तर आणखी सोपी. तिथे पोलीस अधीक्षकांची संमती पुरते. २०१८ साली ठाणे पोलिसांनी हे सीडीआर विकणारी टोळी पकडली. गिऱ्हाइकांमध्ये जोडीदारावर संशय असलेले नवरे-बायकोही होते आणि अटक झालेल्यांत यवतमाळच्या पोलीस दलातला एक शिपाईही होता. यवतमाळ काही लांब नाही. नवऱ्याला सोडून नाव बदलून राहणारी बाई कोणत्या गावी आहे, हे कळायला एवढं पुरतं.

आता ‘जनमत’ या शब्दाकडे येते. लोकांना पाळत चालते असं म्हणतात, पण कोणते लोक? कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएस यांनी २०२३मध्ये पाळत या विषयावर अहवाल काढला, बारा राज्यांत मिळून सुमारे पावणेदहा हजार लोकांशी बोलून. कॅमेऱ्यांना पाठिंबा भरपूर दिसला, पण सर्वात कमी तो सर्वात गरिबांचा. याचं नवल कोणाला वाटत असेल तर तिने आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या पारधी बेड्यावर जावं. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा, पुढे देशभर लागू झालेला. त्याखाली हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. ३१ ऑगस्ट १९५२ला तो रद्द झाला, पण सवय गेली नाही. गावात चोरी झाली की गाडी आधी बेड्यावर जाते. पुरुष रानात पळतात आणि मागे राहिलेली बाई पोलिसांसमोर उभी राहते. तिच्यापाशी ही म्हण बोलून दाखवा. ती ‘कर’ न करताच डरते. रात्री-अपरात्री घरात शिरून तपासणी करणं घटनाबाह्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२मध्ये खरक सिंग खटल्यात सांगितलंय. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे २०१७मध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं. बेड्यावर यातलं काय पोचलं?

एक अवघड गोष्ट मात्र बोलायला हवी. पाळत आपणही मागत आलो आहोत. एस.टी. स्टँडवर कॅमेरा हवा ही मागणी आपलीच, आणि ती मी सोडणार नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध आपण वर्षानुवर्षं मोर्चे काढले, सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवा म्हणालो. त्याचं पुढे काय झालं? महाराष्ट्रात तपासणीचा जोर वाढला तसे दुकानदार गर्भपाताच्या कायदेशीर गोळ्या ठेवीनासे झाले. २०१६मध्ये तेव्हाच्या केंद्रीय महिला व बालविकास मंत्री मेनका गांधी यांनी सुचवलं की प्रत्येक गर्भाचं लिंग सक्तीने नोंदवा आणि बाईवर बाळंतपणापर्यंत लक्ष ठेवा. नजर डॉक्टरच्या यंत्रावरून सरकली ती बाईच्या पोटावर. बऱ्याच संघटनांनी विरोध केला, तेव्हा कुठे ते मागे पडलं. माझी स्वतःची कसोटी आता अशी आहे: नजर सत्ता असणाऱ्यावर आहे की सत्ता नसणाऱ्यावर? ती प्रत्येक वेळी पुरेशी पडत नाही. स्टँडचा कॅमेरा पाकीटमाराला पाहतो तसाच कोणाबरोबर बसलेल्या कॉलेजच्या मुलीलाही पाहतो, आणि ते चित्रण कोण बघतं, किती दिवस ठेवतात, हे विचारायचा अधिकार आपल्याला माहितीच्या अधिकारात आहे. तो अर्ज आपण अजून एकदाही केलेला नाही.

म्हणून दुपारच्या सत्रात ठरावाचा मसुदा मांडणार आहे. कोणाही व्यक्तीवर पाळत ठेवायची तर आधी न्यायाधीशाची परवानगी, नंतर ठरावीक मुदतीत त्या व्यक्तीला कळवणं, आणि विशेष विवाह कायद्यातली नोटीस रद्द. यावर मतभेद असतील तर उघड बोला. बाँबस्फोट, अतिरेकी हे मुद्दे निघणारच, निघू द्या.

आणि एक काम मात्र ठरावाची वाट न पाहता करायचं. आपल्या सगळ्या केंद्रांच्या नोंदवह्यांत बायांची नावं, पत्ते, नवऱ्याची जात-धर्म एकाच पानावर लिहिलेले असतात. पुढच्या महिन्यापासून वहीत फक्त क्रमांक लिहू आणि नावांची यादी वेगळी, कुलपात ठेवू. किल्ली कोणाकडे राहील ते प्रत्येक केंद्राने आजच सांगायचं आहे.