उद्याचा स्वयंपाक

बंगळूरच्या दक्षिणेकडील बनशंकरी ही वस्ती कनकपुरा रस्त्यावरील देवीच्या मंदिरावरून ओळखली जाते. ही देवी मूळची बदामीची, आणि महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची कुलस्वामिनी. तिचेच दुसरे नाव शाकंभरी. दीर्घ अवर्षणाच्या काळात आपल्या देहातून उपजलेल्या शाकभाज्यांनी तिने जगाचे पोषण केले, अशी कथा देवीमाहात्म्यात आहे. बदामीच्या पौषातील उत्सवात तिला १०८ भाज्यांचा नैवेद्य दाखवतात. तेव्हा संसारातील भाजीपाल्याचा आणि वाणसामानाचा विचार करावयास याहून उचित स्थळ शोधावे लागू नये.

मंदिराजवळच सारक्कीचा भाजीबाजार आहे. या वस्तीत नोकरीनिमित्त येऊन राहिलेले एखादे मराठी कुटुंब कल्पावे: पतिपत्नी दोघेही नोकरीवर, दोन मुले आणि सासूबाई. महिन्याच्या वीस तारखेस पैशांची ओढाताण सुरू होते आणि दोष महागाईला दिला जातो. महागाई खोटी नव्हे. परंतु केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत एक गोष्ट स्पष्ट दिसते. शहरी माणसाच्या शंभर रुपये खर्चापैकी सुमारे ३९ रुपये अन्नावर जातात. त्यांत भाजीचे चार रुपयेही नाहीत, दुधाचे सात, आणि पेये व तयार खाद्यपदार्थ यांचे मात्र दहाहून अधिक. कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारे गृहस्थ संध्याकाळी दाराशी आलेल्या जेवणाच्या पुडक्याचा भाव मुकाट्याने चुकता करतात, तो असा.

हे पुडके हौसेने मागवलेले असते असे नाही. रात्रीचे आठ वाजलेले असतात, मुले भुकेली असतात, आणि काय शिजवायचे हे कोणीच ठरवलेले नसते. मटकीची उसळ हवी तर मटकी रात्री भिजून, सकाळी फडक्यात बांधली जाऊन, तिला मोड यावयास दुसरा दिवस उजाडावा लागतो. ऐन वेळी सुचलेली काटकसर येथे निरुपयोगी. सरकारी कचेरीत खर्चाआधी अंदाजपत्रक, आणि अंदाजपत्रकाआधी शिलकी साठ्याची मोजणी होते. निदान व्हावी अशी अपेक्षा असते. घरात बहुधा उलट क्रम दिसतो. तुरीच्या डाळीचे पुडके फडताळात मागे राहते आणि दुसरे विकत येते.

म्हणून शनिवारी रात्री प्रथम डबे उघडावेत. काय उरले आहे ते पाहावे, मग बाजार करावा आणि त्यानंतरच आठवड्याचे बेत पक्के करावेत. बेत आधी बांधून बाजारात गेलेला मनुष्य बाजाराच्या हाती सापडतो. २०२३ च्या जुलैत टोमॅटोचा भाव किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस तो कोसळला. ज्या घरात आमसूल किंवा चिंच होती, त्या घरची आमटी मधल्या काळातही आंबट होत होती. मार्गशीर्ष-पौषात बंगळुरात अवरेकाईच्या शेंगांचे ढीग लागतात. ही आपल्या पावट्याच्याच जातीची. त्या दिवसांत फुलकोबीचा हट्ट कशाला? नाचणीची तर या प्रांतात वाणच नाही, आणि शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

शेजारच्या कन्नड घरात याहून मोठा धडा मिळतो. तेथे पालेभाजी आणि डाळ किंवा कडधान्य एकत्र शिजवून पाणी निथळून घेतात. निथळलेल्या भाजीला फोडणी देऊन पल्या होतो, आणि पाण्याला वाटण लावून ‘बस्सारू’. एक चूल, एक पातेले, दोन पदार्थ. मराठी गृहिणीस यात नवल वाटू नये. पुरणाच्या डाळीचा कट ती कधी फेकत नाही, त्याची आमटी करते. मात्र कटाची आमटी आपल्याकडे सणाची, आणि बस्सारू वारी कोणत्याही दिवसाचा. होळीला दिसणारे शहाणपण मंगळवारीही दिसावयास हरकत नसावी.

येथे एक धोका आहे, आणि तो जमाखर्चाच्या वहीत उमटत नाही. घरातील बचत पुष्कळदा एकाच ताटातून होते. सर्वांना वाढून झाल्यावर शेवटी बसणारी स्त्री उरलेल्यावर भागवते, शिळी पोळी आपल्याकडे घेते, आणि वाटीभर उसळ मुलाच्या डब्यासाठी बाजूला ठेवते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने पीडित आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. याला कारणे अनेक आहेत, परंतु हे शेवटचे ताट त्यांतून वगळता येत नाही. तिच्या जेवणातून वाचलेले पैसे पुढे औषधाच्या दुकानात मोजावे लागतात.

शनिवारच्या कागदावर ही सूनबाईही मोजली जावी. सासूबाई रात्री कडधान्य भिजत घालताना मुठी मोजतात. पाच माणसांच्या घरात त्या पाचच असाव्यात. आणि गुरुवारी उसळ झाली की पाच वाट्या आधी भराव्यात, मग पानांवर बसावे.