सुरतेतील दादोबा : एक शिक्षक, एक गृहस्थ



होमिओपॅथीच्या डॉक्टरने एका जुन्या शिक्षकावर का बोलावे, असे तुमच्यापैकी कोणाच्या मनात आले असेल तर ते रास्तच आहे. कारण साधे आहे. आपण हजीऱ्याचे मराठी लोक बहुतेक ऐंशीच्या दशकात आलो. खताचे, वायूचे, मग पोलादाचे कारखाने तापीच्या मुखाशी उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर आपली बिऱ्हाडेही आली. आपल्याला वाटते, इथले पहिले मराठी नोकरदार आपणच. पण आपल्याआधी जवळजवळ दीडशे वर्षे एक मराठी मास्तर सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिकवायला आला होता. त्यांचे नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर.

तर्खडकर म्हटले की तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना भाषांतर पाठमाला आठवेल. ते तर्खडकर वेगळे, द्वारकानाथ राघोबा. आपले दादोबा त्यांच्याही आधीचे. जन्म ९ मे १८१४, मुंबईतला. वयाच्या बाविसाव्या वर्षी, म्हणजे १८३६ साली, त्यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण छापले गेले. त्यापूर्वी विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण लिहिले होते, पण ते इंग्रजीत आणि इंग्रजांसाठी. दादोबांसमोर होती ती शाळेतली मराठी मुले. पुढे लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले. मला मात्र त्या पदवीपेक्षा 'मास्तर' हा शब्द त्यांना जास्त शोभतो असे वाटते.

माळव्यातल्या जावरा संस्थानच्या नवाबांना शिकवून झाल्यावर, मुंबईत अध्यापन करून, ते सुरतेस आले. मुंबई–सुरत रेल्वे व्हायला अजून वीसेक वर्षे होती. आज शनिवारी निघून रविवारी रात्री परत येणाऱ्या आपल्या मुलांना तो प्रवास कळायचा नाही. इथे त्यांना भेटले दुर्गाराम मंछाराम मेहताजी. तेही शिक्षकच, गुजराती शाळेचे. दोघे तिशी-पस्तिशीतले. २२ जून १८४४ रोजी या मंडळींनी सुरतेत मानवधर्म सभा स्थापन केली. दादोबा, दुर्गाराम, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास, पाचही नावे 'द'ने सुरू होणारी. (हे दलपतराम म्हणजे प्रसिद्ध कवी नव्हेत.) ईश्वर एक, माणसाची जात एक, माणसाची योग्यता जन्मावरून नव्हे तर गुणावरून, अशी त्यांची तत्त्वे होती. सभा दर आठवड्याला भरे आणि ती सर्वांना खुली असे. भुतेखेते उतरवणाऱ्या मांत्रिकांना तिथे जाहीर आव्हान दिले जाई, की मंत्राने खरोखर काही होत असेल तर आमच्यासमोर करून दाखवा. दुर्गारामांनी या सभांची टिपणे ठेवली होती, म्हणून आज आपल्याला ती हकिकत कळते.

आता माझा मुद्दा. १८४६ मध्ये दादोबा मुंबईला परतले. शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल क्लासची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तिथे १८४९ मध्ये परमहंस सभा निघाली आणि तिच्यामागे दादोबांचीच प्रेरणा होती. विचार तेच, एक ईश्वर आणि जातिभेद मोडणे. पण ही सभा गुप्त होती. सभासद होताना इतर धर्मीयांच्या हातचा पाव खायचा, आणि घरी त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही! १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली, नावे फुटली आणि सभा मोडली. यावरून दादोबांना भित्रे म्हणण्याची पद्धत पडली आहे. सुधारणा करायची तर उघड करावी, पाव लपून काय खायचा, असे टीकाकार म्हणतात.

मला ही टीका अपुरी वाटते. जो माणूस सुरतेत उघड सभेत मांत्रिकाला ललकारतो तोच पाच वर्षांनी मुंबईत दार लावून बसतो, तेव्हा त्याचा स्वभाव बदलला असे म्हणण्यापेक्षा त्याच्या भोवतालची माणसे बदलली हे पाहिले पाहिजे. सुरतेत दादोबा परके होते. जातभाई नव्हते, व्याही-विहीण नव्हते, वाळीत टाकणारी पंगत नव्हती. मुंबईत आई-वडिलांचे घर होते, भाऊ होते, भावांच्या मुलांची लग्ने व्हायची होती. शिवाय त्यांची नोकरी शाळेची. जॉन विल्सन यांच्या मिशनच्या शाळेतल्या पारशी मुलांनी १८३९ मध्ये ख्रिस्ती धर्म घेतला, तेव्हा पालकांनी भराभर मुले काढून घेतली आणि वर्ग ओस पडले. मास्तर धर्मबाह्य ठरला तर त्याच्यासमोर बसायला मूल उरत नाही. ज्याला शिकवायचेच आहे, त्याला हा हिशोब करावा लागतो.

त्या घराकडेही जरा पाहा. धाकटे भाऊ भास्कर पांडुरंग यांनी १८४१ मध्ये 'बॉम्बे गॅझेट'मध्ये 'एक हिंदू' या टोपणनावाने इंग्रजी राज्यावर अशी पत्रे लिहिली, की ती आज वाचतानाही अंगावर काटा येतो. थोरला भाऊ सरकारी शिक्षक, धाकटा सरकारवर तोफा डागतोय, आणि दोघांचे आईवडील एकच. भास्कर १८४७ मध्ये, ऐन तारुण्यात गेले. तिसरे आत्माराम पांडुरंग डॉक्टर झाले. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला तो त्यांच्या पुढाकाराने, आणि उघडपणे. १८७८ मध्ये सतरा वर्षांचे रवींद्रनाथ टागोर विलायतेला जाण्याआधी याच घरी राहिले. विलायत पाहून आलेली आत्मारामांची कन्या अन्नपूर्णा त्यांना इंग्रजी शिकवीत असे. जे मोठ्या भावाला दार लावून बोलावे लागले ते धाकट्याच्या घरात तीस वर्षांत मुलीबाळींच्या रोजच्या वागण्यात आले. घर सोडून निघून गेलेला सुधारक मोठा असेलही, पण हे काम त्याच्या हातून झाले नसते. दादोबांनी मोरोपंतांच्या 'केकावली'वर टीका लिहिली, तिचे नाव ठेवले 'यशोदापांडुरंगी'. यशोदा ही आई, पांडुरंग हे वडील. मूर्तिपूजा न मानणारा, जात न मानणारा हा माणूस भक्तिकाव्यावरच्या ग्रंथाला आईबापांची नावे देतो. यात मला विसंगती दिसत नाही.

हे सगळे मी तुम्हाला इथे, हजीऱ्यात, सांगतो आहे त्याला कारण आहे. सुरतेत दादोबांना जी मोकळीक मिळाली तीच आपल्यालाही मिळाली. माझेच सांगतो. मी दक्षिण महाराष्ट्रातला जैन. इथल्या गुजराती जैनांना मी मराठी वाटतो, तुमच्यातल्या अनेकांना आडनावावरून गुजराती वाटलो होतो. सुरुवातीला त्याची खंत वाटे, आता सोय वाटते. गावाकडे ज्यांच्या ओसरीवर पाय ठेवायला दहादा विचार केला असता, त्यांच्याकडे आम्ही टाउनशिपमध्ये दिवाळीचा फराळ खाल्ला. कोणी विचारले नाही, कोणी कळवले नाही. पण घरात लग्न ठरायची वेळ आली की आपण गावाला फोन लावतो, आणि चाळीस वर्षे सुरतेत राहून मिळवलेले सगळे त्या एका फोनवर परत करतो. हे मी दवाखान्यात बसून फार पाहिले आहे. मुलीचे डोके दुखते म्हणून आई घेऊन येते, आणि दुखणे डोक्याचे नसते.

भाषेचेही तेच. माझ्या शास्त्रात रोगी आपल्या दुखण्याला काय शब्द वापरतो यावर औषध ठरते. कळ येऊन जाते, ठणका राहतो. सल आतल्या आत टोचत राहतो. चमक निघते, उसण भरते, जखम चुरचुरते, पायाला मुंग्या येतात. तुमच्या पिढीचा रोगी हे न विचारता सांगतो आणि माझे अर्धे काम होते. तुमची नातवंडे म्हणतात, 'डॉक्टरकाका, पेन होतंय.' कसे होतंय, विचारले की आईकडे बघतात. गुजरातीत विचारले तरी तेच. म्हणजे एक भाषा जाऊन दुसरी आली असे झालेले नाही, दोन्ही थोड्या थोड्या आल्या आहेत. ती शाळेत हुशार मुले आहेत, त्यांना दोष देऊ नका. घरात कोणी त्यांच्याशी बसून बोलले का, एवढेच बघा. मी हल्ली प्रश्न बदलला आहे. सुईसारखे का, हातोडीसारखे का, असे विचारतो, मग ती शब्द शोधू लागतात. एका मुलाने मला सांगितले, 'मोबाईल व्हायब्रेट होतो तसं.' शब्द उसना होता, पण त्याचे दुखणे मला कळले.

दादोबांना हे पटले असते असे मला वाटते. १८३६ ची पोथी छापून ते थांबले नाहीत. मुलांना काय समजत नाही हे पाहून ते व्याकरण वाढवीत, बदलीत गेले. १८६५ मध्ये लहान मुलांसाठी वेगळे लघुव्याकरण केले. मधल्या काळात ते डेप्युटी कलेक्टर झाले, रावबहादूर झाले, विधवांच्या पुनर्विवाहाच्या बाजूने लिहिले. आत्मचरित्र लिहायला घेतले ते मात्र सुरतेच्या दिवसांनंतर फार पुढे गेले नाही. अ. का. प्रियोळकर यांनी १९४७ मध्ये ते संपादून छापले आणि राहिलेले चरित्र स्वतः लिहून जोडले. ज्यांना शक्य असेल त्यांनी त्यातली सुरतेची पाने जरूर वाचावीत.

स्वतःची हकिकत अर्धी राहिली, पण व्याकरण राहिले नाही. पहिल्या पुस्तकानंतर पंचेचाळीस वर्षांनी, १८८१ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी त्याच व्याकरणाला पूरणिका जोडली. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी ते गेले.