विझलेली माळ आणि जागी वीज

डिसेंबर उजाडला की आमच्या बेळगावच्या कँप भागातील मुलांचे हात शिवशिवू लागतात. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, खळ आणि माळ्यावरून काढलेली गेल्या वर्षीची दिव्यांची माळ! दारात तारा टांगायचा, बाळ येशूच्या गव्हाणीवर चिमुकले दिवे लावायचे, हे सारे मुले स्वतःच्या हातांनी करतात याचे मला कौतुकच वाटते. गणपतीच्या मखरासाठी आपल्याही घरी हाच खटाटोप चालत असेल.

परंतु गेल्या नाताळात माझ्या वर्गातील एका हुशार मुलाने मला घाबरवून सोडले. माळ मध्येच तुटली होती. जोडताक्षणी पेटलेली दिसावी म्हणून या पठ्ठ्याने बटण चालूच ठेवले, लाकडी स्टुलावर चढला आणि तारेची दोन उघडी टोके दोन हातांत धरली. धक्क्यासरशी तो खाली कोसळला, त्या पडण्यातच टोके हातांतून सुटली आणि तो वाचला. पुढे मला म्हणाला, "सर, पायांत रबरी चपला होत्या, माळ विझलेली होती आणि दिवे तर सहाच व्होल्टचे!"

तिन्ही गोष्टी खऱ्या. पण एकही कामाची नव्हती. सहा व्होल्टचे 38 दिवे एकसर जोडले म्हणजे घरातील 230 व्होल्टचा दाब ते आपसांत वाटून घेतात. तार तुटली की प्रवाह थांबतो आणि ही वाटणीही थांबते. मग सगळाच्या सगळा दाब त्या तुटलेल्या जागी येऊन उभा राहतो. नळाची तोटी बंद असली तरी तिच्यामागे पाणी रेटा देतच असते, तसेच हे. आजच्या एल्‌ईडीच्या माळाही याला अपवाद नाहीत. पुष्कळशा स्वस्त माळा ट्रान्सफॉर्मरवाचून थेट 230 व्होल्टवरच चालतात.

आता चपलांचे पाहा. वीज पायांतून जमिनीत जाणार असती तर त्यांचा काही उपयोग होता. येथे ती एका हातातून शिरून, छातीतून जाऊन, दुसऱ्या हातातून बाहेर पडली. घामेजल्या हातांच्या माणसाचा रोध 1000 ओहमच्या आसपास धरला तर हा प्रवाह फार तर 230 मिलिअँपिअर भरतो. दहाएक मिलिअँपिअरलाच स्नायू आखडून मूठ उघडेनाशी होते. त्याच्या अनेक पट प्रवाह हृदयाची लय बिघडवू शकतो. सहा अँपिअरच्या एम्‌सीबीला याचा पत्ताही लागत नाही, कारण ती तारांच्या रक्षणासाठी असते. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी घरात अवश्य बसवावी. जमिनीकडे गळणारी वीज ती क्षणार्धात तोडते. मात्र गेलेली वीज आणि परतलेली वीज यांतला फरकच तिला कळतो. आमच्या या विद्यार्थ्याच्या अंगातून दोन्ही सारखीच वाहत होती; तेव्हा तीही स्वस्थ बसली असती!

नुसते बटण बंद करूनही भागत नाही. दोन पिनांचा प्लग उलटसुलट कसाही बसतो. त्यामुळे माळेवरचे बटण कधी परतीचीच तार तोडते आणि दुसरी तार जिवंत राहते. प्लग उपसून समोर टेबलावर ठेवावा, मगच माळेला हात लावावा. आणि कोणी चिकटलाच, तर त्याला धरू नये. आधी मेन स्विच बंद करावा. तो हाताशी नसेल तर कोरड्या लाकडी काठीने तार दूर सारावी. श्वास थांबला असल्यास मदतीसाठी कोणास धाडून ताबडतोब छाती दाबण्यास आरंभ करावा.

मुलांनी हे नादच सोडावेत असे मी म्हणणार नाही. बीआयएस नोंदणीचा बारा व्होल्टचा अॅडॅप्टर आणावा, सहा व्होल्टचे दोन-दोन दिवे एकसर घेऊन त्या जोड्या समांतर जोडाव्यात. दिव्यांच्या प्रवाहाची बेरीज अॅडॅप्टरवर लिहिलेल्या आकड्याच्या आत राहील एवढे पाहावे. वर्गातील गणित इथे प्रथमच उपयोगी पडते, असे मुले मला ऐकवतात. त्या मुलाने याच रीतीने नवा तारा केला आहे. त्याची आई मात्र त्याला अजून स्टुलावर चढू देत नाही; तारा टांगायला शेजारच्या काकांना बोलावते.