छायाचित्रांची ठेव आणि नवा संगणक

(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव झाला, वार्षिक अहवालाचे वाचन झाले, आणि भोजनाची वेळही जवळ आली आहे. अशा वेळी लांबलचक भाषण करणे हा श्रोत्यांवर अन्याय होय. म्हणून आम्ही एकाच आणि अगदी घरगुती गोष्टीसंबंधी आपणांशी चार शब्द बोलणार आहोत. कॅमेऱ्याने काढलेली छायाचित्रे नव्या संगणकात सुखरूप कशी न्यावीत, ही ती गोष्ट. विषय ऐकून काहींस हसू येईल. परंतु ज्यांनी आपल्या आईवडिलांचे एकमेव छायाचित्र गमावले आहे, त्यांस हसू येणार नाही, आणि आज या मंडपात असे लोक थोडे नाहीत.

सन २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. त्यापूर्वी २००५ साली ते आले होते, आणि पुढे २०२१ च्या जुलैतही आले. पाणी ओसरल्यावर घरोघरी गाळ उपसला जात होता. भिजलेले धान्य लोकांनी टाकून दिले, गाद्या टाकून दिल्या, त्यांचे कोणी फारसे बोलले नाही. डोळ्यांत पाणी आले ते लग्नाचे अल्बम उघडताना. छायाचित्राच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि चित्र त्याच थरात असते. तो भिजून वाळला की एक कागद दुसऱ्यास चिकटतो, आणि ओढून सोडवू गेल्यास मुखवटाच निघून येतो. घाईने पाने सोडविताना आमच्याही हातून असे घडले. त्या दिवसापासून आम्ही ठरविले की जे काही उरले आहे ते संगणकात नीट साठवावयाचे.

पुढची गोष्ट सांगावयास संकोच वाटतो, पण सांगितली पाहिजे. समाजाच्या मेळाव्यांची व घरच्या कार्यांची कित्येक वर्षांची छायाचित्रे आमच्या जुन्या कॅमेऱ्याच्या कार्डांत होती. घरच्या संगणकावर आम्ही नवी प्रणाली चढविली, आणि नेहमीप्रमाणे तारेने कॅमेरा जोडला. संगणकाने त्याची ओळखच दिली नाही. कॅमेऱ्याबरोबर आलेली तबकडी घातली, तर तीही चालेना. मग आम्ही कार्ड काढून दुसऱ्या संगणकात घातले, आणि नक्कल करण्याऐवजी ‘कट’ करून सर्व संग्रह एकदम हलवावयास घेतला. मध्येच वीज गेली. वीज आल्यावर पाहतो तो काही छायाचित्रे इकडे, काही तिकडे, आणि काही कोठेच नाहीत. हरवलेल्यांत आमच्या वडीलबंधूंचे त्यांच्या शेवटच्या संमेलनातील छायाचित्र होते. दोष ना यंत्राचा, ना कोणा दुकानदाराचा. दोष आमच्या उतावळेपणाचा.

असे का होते, हे समजून घेतले म्हणजे भीती निम्मी होते. जुना कॅमेरा संगणकाशी बोलतो तो एका दुभाष्याच्या मार्फत. त्या दुभाष्यास ‘ड्रायव्हर’ म्हणतात. जुने दुभाषे ३२ बिटांच्या प्रणालीसाठी लिहिलेले असत. २०२१ च्या ऑक्टोबरात आलेली विंडोज ११ ही केवळ ६४ बिटांची आहे, आणि तीत ३२ बिटांचा ड्रायव्हर चालत नाही. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे अनेक घरांत हा पालट अलीकडेच झाला आहे. नवा कारकून आला आणि जुन्या कारकुनाची खूणगाठ त्यास कळेना, असाच हा प्रकार. छायाचित्रे गेली असे मात्र यात काही नाही. ती कार्डात जागच्या जागी असतात.

तेव्हा पहिला नियम हा की, कॅमेऱ्याची ओळख पटत नसेल तर कॅमेऱ्याशी झगडू नये. कार्ड बाहेर काढावे. कार्ड वाचणारे छोटे यंत्र, ज्यास कार्ड रीडर म्हणतात, ते संगणकास जोडावे व त्यात कार्ड घालावे. यास कॅमेऱ्याच्या तबकडीची गरज पडत नाही. बहुतेक एसडी कार्डांच्या कडेस एक बारीक सरकपट्टी असते. ती ‘लॉक’ कडे सरकविली की कार्डावर काही लिहिले जात नाही व त्यावरचे पुसलेही जात नाही. कार्ड उघडल्यावर ‘डीसीआयएम’ नावाची पेटी दिसेल. छायाचित्रे तिच्यात असतात.

दुसरा नियम अत्यंत महत्त्वाचा. रीडर जुना असेल आणि कार्ड नव्या, मोठ्या जातीचे असेल, तर संगणक विचारतो, “फॉरमॅट करू काय?” या प्रश्नास कधीही होकार देऊ नये. ३२ जीबीहून मोठी एसडी कार्डे २००९ नंतरच्या धर्तीची आहेत, ती जुन्या रीडरला वाचता येत नाहीत. कार्ड बिघडले नसून वाचणारा अडाणी आहे, हे ओळखून रीडर बदलावा. चुकून काही पुसले गेलेच, तर त्या कार्डावर पुन्हा एकही छायाचित्र काढू नये. पुसताना बहुधा अनुक्रमणिकेतील नोंद खोडली जाते, मजकूर काही काळ तसाच राहतो. जाणत्या माणसाकडून तो परत मिळण्याचा संभव असतो. आम्ही हे जाणत नव्हतो. त्याच सायंकाळी त्याच कार्डावर आम्ही नवी चित्रे काढली, आणि उरलीसुरली आशाही घालविली.

तिसरा नियम आपल्या पूर्वजांचा आहे. पोथी उतरवून घेताना मूळ पोथी कोणी फाडीत नसे. नक्कल पूर्ण होई, ती मूळ प्रतीशी ताडून पाहिली जाई, आणि मगच लेखक लेखणी खाली ठेवी. छायाचित्रांचेही तसेच करावे. ‘कट’ नव्हे, ‘कॉपी’. नक्कल झाल्यावर दोन्हीकडील छायाचित्रांची संख्या व एकंदर आकारमान जुळते काय ते पाहावे, मधली चार-दोन चित्रे उघडून पाहावीत. प्रत्येक कार्डासाठी निराळी पेटी करावी. कॅमेऱ्याचे आकडे ९९९९ झाले की पुन्हा आरंभापासून सुरू होतात. त्यामुळे दोन कार्डांत एकाच नावाची दोन निराळी चित्रे असू शकतात, आणि एकत्र ओतताना एक दुसऱ्याच्या उरावर बसते.

आता ज्यांचा कॅमेरा म्हणजे हातातील फोनच आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. फोन तारेने जोडला तरी तो आरंभी केवळ विजेचा घास घेतो. दार उघडीत नाही. फोनचे कुलूप काढून पडद्यावर ‘फाइल ट्रान्स्फर’ निवडावे लागते. आयफोन असेल तर ‘विश्वास ठेवावा काय’ या प्रश्नास संमती द्यावी लागते. काही तारा केवळ वीज वाहण्याच्याच असतात. त्यांतून चित्र जाणे नाही. आयफोन २०१७ पासून बहुधा ‘एचईआयसी’ नावाच्या नव्या धर्तीने चित्रे साठवितो. ती संगणकात उघडली नाहीत म्हणून बिघडली असे समजून पुसून टाकू नयेत. ती उघडण्याचे साधन संगणकात बसविता येते.

एवढे केल्यावर काम संपले असे वाटेल. पण आमच्या मते येथेच ते सुरू होते. एकच नक्कल म्हणजे नक्कल नव्हेच. सांगलीत पाण्याचे भय आहे. सातारकरांनीही निश्चिंत राहू नये. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने याच जिल्ह्यात घरेच्या घरे जमीनदोस्त केली. संगणकाची तबकडी तर पूर किंवा भूकंपाची वाटही पाहत नाही, एके सकाळी ती मुकाट्याने बंद पडते. म्हणून आमची सूचना अशी की, सांगलीकर कुटुंबाने आपल्या छायाचित्रांची एक प्रत साताऱ्यातील आप्तांकडे ठेवावी, आणि सातारकरांनी आपली सांगलीस पाठवावी. एका बाहेरच्या हार्ड डिस्कमध्ये हे सहज मावते. आपल्या सोयरिकी या दोन गावांत पिढ्यान्पिढ्या आहेत. लेकी दिल्या-घेतल्या, अडचणीला धान्य दिले-घेतले. मग एकमेकांच्या आठवणींची ठेव सांभाळणे आपणांस जड का वाटावे? वर्षातून एकदा, या संमेलनाच्या वेळीच, ती ठेव तपासून पाहावी व नवी भर घालावी.

शेवटची विनंती वडीलधाऱ्यांस आहे. चित्राबरोबर त्याची तारीख व वेळ कॅमेरा आपोआप लिहून ठेवतो खरा, पण घड्याळ चुकीचे लावलेले असेल तर तारीखही चुकीची पडते. आणि पागोटे घातलेले ते गृहस्थ कोण, मांडीवरचे मूल कोणाचे, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. ते आपण सांगू शकता, आणि आपणच. प्रत्येक पेटीस साल, गाव व प्रसंग यांचे नाव द्यावे. माणसांची नावे डावीकडून उजवीकडे लिहून ठेवावीत. तरुणांनी एका रविवारी आजीशेजारी संगणक घेऊन बसावे. आजी सांगेल, नातू लिहील. त्या दोन तासांत घराण्याचा जो इतिहास हाती लागेल तो कोणत्याही वंशावळीत सापडणार नाही.

सातारा जिल्ह्यातील औंधास बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभे केलेले संग्रहालय आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. ते राजे होते, त्यांनी दालने बांधली. आपण सामान्य माणसे. आपले संग्रहालय एका तळहातावर मावणारे. परंतु ते सांभाळण्याची जबाबदारी मात्र तेवढीच मोठी आहे.

आमच्या वडीलबंधूंचे ते छायाचित्र आता कोठेही नाही. मेळाव्यात शेजारी बसलेल्या कोणा बांधवाच्या कॅमेऱ्यात ते कदाचित असेल, या आशेने आम्ही दर वर्षी विचारीत असतो, आणि आजही विचारतो. आपल्या कपाटात जुनी कार्डे पडली असतील तर ती या आठवड्यातच उघडून पाहावीत. त्यांत आमचे नसले तरी दुसऱ्या कोणाचे तरी माणूस असेलच.