आईचे तबक उलटे करून पाहिले तेव्हा

(वर्धापनदिनाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही पेशाने परिचारिका. नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन सारी नोकरी रुग्णालयात काढली. जुन्या भांड्यांचे ज्ञान आम्हांस कुठले? पण आई वारली आणि तिच्या एका तबकाने आम्हां चार भावंडांना हे शिकायला लावले.

1969 साली मुंबईहून इस्रायलला निघताना आईने ते तबक साडीत गुंडाळून आणले. "पणजोबांना पलटणीत साहेबाने दिलेली चांदी," असे ती सांगे. घरात मलिदा असला की तो त्याच तबकात. वाटणीत ते धाकटीकडे गेले. थोरला म्हणाला, "चांदी तिने नेली, आम्हांला पितळ!" या एका वाक्यावरून दोन वर्षे आम्ही एकमेकांच्या घरची पायरी चढलो नाही. शेवटी धाकटी ते विकून चौघांत पैसे वाटायला निघाली. सराफाने तबक उलटे केले, भिंग लावले आणि म्हणाला, "बाई, ही चांदी नव्हे, मुलामा आहे."

आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात असे एखादे तबक किंवा चहाची किटली असेल. म्हणून आम्ही शिकलो ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, भांडे उलटे करा. इंग्लंडच्या खऱ्या चांदीवर चालत्या सिंहाचा छाप असतो. म्हणजे 1000 भागांत 925 भाग चांदी. सोबत गावाची खूण असते: बर्मिंगहॅमचा नांगर, शेफील्डचा 1974 पर्यंत मुकुट. ई.पी.एन.एस. ही अक्षरे असतील तर तो विजेने दिलेला मुलामा. आतला धातू तांबे, जस्त व निकेल यांचा. त्याला 'निकेल सिल्व्हर' म्हणतात, पण त्यात चांदी नावालाही नसते. ही अक्षरे निरनिराळ्या चौकटींत उठवलेली असतात, त्यामुळे चांदीचाच छाप वाटतो. लोहचुंबक लावून उपयोग नाही. तो दोन्हींना चिकटत नाही.

दुसरी गोष्ट, झिजलेली कड पाहा. खालून लालसर तांबे दिसले तर भांडे फार जुने असू शकते. 1743 च्या सुमारास शेफील्डच्या थॉमस बोलसोव्हरने तांब्यावर चांदीचा पत्रा तापवून जोडण्याची युक्ती काढली. 1840 साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेच्या मुलाम्याचे पेटंट घेतले आणि जुनी रीत मागे पडली. मात्र तांब्यावर विजेचा मुलामाही देत, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये.

तिसरी गोष्ट, साल. चौकोनी हिऱ्यासारखी खूण असेल तर नमुन्याची नोंदणी 1842 ते 1883 मधली. 'आर.डी.' आणि पुढे आकडा असेल तर 1884 नंतरची. नुसते 'इंग्लंड' असेल तर भांडे बहुधा 1891 नंतरचे, आणि 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुधा विसाव्या शतकातले.

आमच्या तबकाखाली ई.पी.एन.एस. होते आणि 'मेड इन इंग्लंड'ही. पणजोबा तर 1900 च्या आधीच गेलेले! मग मावशीला फोन केला. ती हसत म्हणाली, "अगं, ते तुझ्या बाबांनी चोर बाजारातून आणलं. घरात पहिला मलिदा होता आणि मोठं ताट नव्हतं."

आम्ही चौघे त्या रात्री धाकटीच्या घरी जेवलो. नसलेल्या चांदीसाठी आम्ही असलेली भावंडे गमावून बसलो होतो. तबक विकले नाही. आता ते दरवर्षी एकेका घरी जाते.

शेवटी दोन विनंत्या. असे भांडे राखेने, रांगोळीने घासू नका. मुलामा पातळ असतो, एकदा गेला की गेला. मऊ फडके आणि साबणाचे कोमट पाणी पुरे. आणि ते कोणी, कुठून, केव्हा आणले हे आज चिठ्ठीवर लिहून भांड्यासोबत ठेवा. भांड्याखालचा छाप कारखाना सांगतो, बाबांची गोष्ट सांगत नाही. ती सांगणारी मावशी प्रत्येक घरात उरलेली नाही.