फुटणाऱ्या गोळीची दंतकथा

माझ्या लहानपणीं रेवसच्या धक्क्यावर एक वृद्ध पेन्शनर मुंबईच्या लाँचची वाट पाहत बसलेला असे. १९४४ सालीं तो मराठा पलटणींतून इटलींत लढला होता. त्याच्या कनवटीला काडतुसाची एक रिकामी पुंगळी असे. तिच्या बुडावर 'के. एफ.' हीं अक्षरें; म्हणजे ती आपल्या खडकीच्या कारखान्यांतली. ती आम्हां मुलांच्या हातीं देऊन तो सांगे, "आमची गोळी सरळमार्गी रे, पोरांनो! जर्मनाची डोक्यावर येऊन फुटायची. आधीं फट्, मग लांबून धप्. कसाई होते!"

त्यानें ऐकलें तें खरें होतें. लावलेला अर्थ मात्र चुकला होता. रायफलीची गोळी नळींतून सेकंदाला सुमारें ७५० मीटर वेगानें सुटते. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. रेवसला लाँच वेगानें पुढें निघून जाते आणि तिनें दुभंगलेल्या पाण्याची लाट मागाहून धक्क्यावर आपटते. गोळीमागून तशीच हवेची लाट येते. ती कानावर आपटली कीं फट्! बंदुकीचा खरा बार तर अजून वाटेंतच असतो. ३०० मीटरांवर गोळी अर्ध्या सेकंदाच्या आंत पोहोंचते, आवाजाला जवळजवळ एक सेकंद लागतो. खरोखर फुटणाऱ्या गोळ्या जर्मनांपाशीं होत्या, नाहीं असें नाहीं; परंतु त्यांचा तुरळक वापर झाला तो मुख्यतः रशियाच्या आघाडीवर.

मग जखमांचें काय? आंत शिरतांना वाटाण्याएवढें छिद्र आणि बाहेर पडतांना भलें मोठें भगदाड, असें शिपाई सांगत, व तेंही खोटें नव्हे. अणकुचीदार गोळीचें वजन मागील भागांत अधिक असतें. नळींतील पिळामुळें ती भोंवऱ्यासारखी फिरते, म्हणून हवेंत नाकासमोर जाते. मांस हवेहून सुमारें आठशेंपट दाट. तेथें फिरकीचा आधार अपुरा पडतो आणि गोळी आडवी होऊन उलटते. फुटावें लागतच नाहीं.

आतां त्या 'सरळमार्गी' गोळीकडे वळूं. ३०३ रायफलीची सातव्या नमुन्याची गोळी १९१० सालीं प्रचारांत आली. तिच्या टोंकांत शिशाऐवजीं ॲल्युमिनियम, आणि युद्धाच्या टंचाईंत लांकडाचा लगदासुद्धां भरीत. हेतु गोळी हलकी व वेगवान करण्याचा. वजन २१५ ग्रेनांवरून १७४ वर आलें. परंतु टोंक हलकें झाल्यानें ती अधिकच सहज उलटे. कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्याची, उघड्या शिशाच्या टोंकाची, शरीरांत पसरणारी गोळी हेगच्या १८९९ च्या जाहीरनाम्यानें निषिद्ध ठरविली आणि ब्रिटननें ती बंदी १९०७ सालीं मान्य केली. उलटणाऱ्या गोळीविषयीं त्यांत अवाक्षर नाहीं. पळवाट म्हणा हवें तर. म्हणजे खडकीच्या गोळीनें झालेली जखम पाहून एखादा जर्मन शिपाईही आपल्या गांवीं हीच कथा सांगत बसला असेल.

मला हें कळलें तेव्हां म्हातारा हयात नव्हता. असता तरी सांगण्याचें धैर्य झालें असतें कीं नाहीं, शंका आहे. त्याच्याच वाडीचा एक सोबती त्याच्या शेजारीं पडला होता आणि ती जखम त्यानें आपल्या हातांनीं बांधली होती. आमची सर्वांची पाहून झाली कीं तो पुंगळी धोतराला पुसून पुन्हा कनवटीला लावी.